सातबारा शेतीचा आहे, मग जमीन विकल्यावर आयकराची नोटीस का आली?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, आणि उत्तर लांबणार आहे हे आधीच सांगतो, कारण तुम्ही एक प्रश्न विचारलाय पण त्यात चार प्रश्न गुंतलेत.

मला समजलं ते असं. अण्णा, म्हणजे तुमचे वडील, आणि काका यांच्या नावावरची वडिलोपार्जित जमीन, दिंडोरी रोडच्या बाजूला, महापालिका हद्दीच्या बाहेर. ऑक्टोबर २०२१ मध्ये ९६ लाखांना विकली. त्यातले ९ लाख रोख, आणि ते खरेदीखतात तसेच लिहिलेत. घेणारा शेतकरी आहे पण प्लॉटिंगचा धंदाही करतो. त्यानं १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापला, तो सगळा अण्णांच्या पॅनवर. आलेल्या पैशातून मे २०२२ मध्ये चांदवडकडे जमीन घेतली, पण ती तुमच्या धाकट्या भावाच्या नावावर. अण्णांनी आयुष्यात कधी रिटर्न भरलं नाही. आता आयकर विभागाची कलम १४८ए ची नोटीस (जुन्या वर्षाची केस उघडण्याआधी खुलासा मागणारी) आलीय, हातात तलाठ्याचा दाखला आहे की गाव नाशिकपासून ९ किलोमीटर आहे, आणि पारावरचे सगळे सांगतायत की शेतीला टॅक्स नसतो, उत्तर द्यायची गरजच नाही.

मी नाशिकमध्ये २३ वर्षं करसल्लागाराचं काम करतोय, आणि माझ्याकडे येणाऱ्या जमिनीच्या केसेसपैकी ज्या बिघडलेल्या असतात त्या बहुतेक या शेवटच्या वाक्यामुळे बिघडलेल्या असतात. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

"शेतीला टॅक्स नाही" हे खरं आहे, पण ते शेतीच्या उत्पन्नाबद्दल. द्राक्षं विकली, कांदा विकला, टोमॅटो विकला, त्याचे पैसे कलम १०(१) खाली करमुक्त. त्याचं मूळ राज्यघटनेत आहे, शेती उत्पन्नावर कर लावायचा अधिकार केंद्राला नाही, राज्याला आहे. पण जमीन विकणं हे पीक विकणं नाही. जमीन विकून झालेला नफा हा भांडवली नफा आणि त्याचा नियम वेगळा आहे. १९७० पर्यंत शेतजमीन कुठलीही असो, ती भांडवली मालमत्ता धरतच नव्हते. १ एप्रिल १९७० पासून शहरातली आणि शहरालगतची शेतजमीन कराच्या कक्षेत आणली. त्यावर भांडण झालं, १९८१ साली मुंबई हायकोर्टानं म्हटलं की शेतजमीन विकून आलेला नफासुद्धा जमिनीपासून मिळालेलं उत्पन्नच आहे, त्यावर केंद्र कर लावू शकत नाही. मग संसदेनं १९८९ मध्ये पूर्वलक्षी प्रभावानं व्याख्या दुरुस्त केली, आणि सर्वोच्च न्यायालयानं सिंघई राकेशकुमारच्या केसमध्ये हा कर वैध ठरवला. म्हणजे गावात जे सांगतात ते अगदीच हवेतलं नाही, एके काळी ते आपल्याच हायकोर्टाचं मत होतं, पण तो विषय कधीचा संपलाय. आज प्रश्न एवढाच उरतो की तुमची जमीन कायद्याच्या भाषेत ग्रामीण शेतजमीन आहे की नाही. असेल तर तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही, नसेल तर आहे. आणि हे सातबारा एकट्यानं ठरवत नाही.

एक गोष्ट मध्येच. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झालाय आणि कलमांचे आकडे बदललेत, त्यामुळे यूट्यूबवर कुणी दुसरेच आकडे सांगितले तर गोंधळू नका. तुमचा व्यवहार २०२१-२२ मधला, त्याला १९६१ चाच कायदा लागतो, मी तेच आकडे वापरतोय.

आता अंतर. कायदा, कलम २(१४), असं म्हणतो की जमीन नगरपालिका, महापालिका किंवा कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत असेल आणि तिथली लोकसंख्या १० हजार किंवा जास्त असेल तर ती शहरी. मग तिथं द्राक्षबाग उभी असली तरी शहरीच. आपल्याकडे आडगाव, म्हसरूळ, मखमलाबाद इथल्या लोकांना हे पटत नाही, कारण डोळ्यांना शेतीच दिसते, पण १९८२ मध्ये महापालिका झाली ती आजूबाजूची गावं पोटात घेऊनच झाली. हद्दीबाहेर असाल तर हद्दीपासूनचं अंतर बघायचं: लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर २ किलोमीटर, १ ते १० लाख असेल तर ६, आणि १० लाखांच्या वर असेल तर ८. जनगणना शेवटची जी प्रसिद्ध झालीय ती धरायची, म्हणजे २०११ ची, आणि तिच्यात नाशिक महापालिकेची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार आहे. म्हणजे तुम्हाला ८ किलोमीटरचा नियम.

इथं तुमचा ९ किलोमीटरचा दाखला मला घाबरवतो, आणि का ते सांगतो. तलाठी किंवा ग्रामपंचायत दाखला देते तेव्हा बहुतेक वेळा अंतर रस्त्यानं मोजलेलं असतं, आणि तेही गावापासून शहरापर्यंत, म्हणजे गावच्या चावडीपासून पंचवटी नाहीतर सीबीएस बसस्थानकापर्यंत. कायद्याला यातलं काहीच नको आहे. कायद्याला हवंय महापालिकेच्या हद्दीच्या रेषेपासून तुमच्या गटापर्यंतचं हवाई अंतर, नकाशावर सरळ रेघ ओढून. निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षाच्या पुढचं वर्ष) २०१४-१५ पासून हवाई अंतर आलं, त्याआधी रस्त्याचं धरायचे. त्याबद्दल २०१५ साली मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं की हवाई अंतराचा नियम मागच्या वर्षांना लावू नका, आणि सीबीडीटीनं, म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं, परिपत्रक १७/२०१५ काढून ते मान्य केलं. जुन्या केसेसमध्ये लोक त्या निकालावर सुटले, म्हणून बाजारात अजून समज आहे की रस्त्याचं अंतर चालतं. तुमचं निर्धारण वर्ष २०२२-२३ आहे, तुम्हाला तो निकाल उपयोगाचा नाही.

आणि रस्ता वळणं घेत जातो. रस्त्यानं ९ म्हणजे सरळ रेषेत सात, साडेसात सहज असू शकतं. शिवाय दाखल्यात अंतर शहराच्या आतल्या एखाद्या ठिकाणापासून असेल तर हद्दीपासून ते अजूनच कमी भरेल. काही वर्षांपूर्वी निफाड तालुक्यातलं एक कुटुंब माझ्याकडे अपिलाच्या वेळी आलं, त्यांच्या आधीच्या सल्लागारानं असाच दाखला जोडून दिला होता आणि त्यावर निर्धास्त बसले होते. अधिकाऱ्यानं उपग्रह नकाशावर मोजलं, आणि दाखला एका ओळीत बाजूला सारला. दाखला खोटा नव्हता हो, तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होता. तिथून परत उभं राहायला आम्हाला पुण्याच्या आयकर अपील ट्रिब्युनलपर्यंत जावं लागलं, आणि तिथंही काय झालं तर केस नव्यानं मोजणीसाठी परत पाठवली गेली, एवढंच.

म्हणून पहिलं काम हे. महापालिकेच्या नगररचना विभागाकडून विक्रीच्या तारखेला असलेल्या हद्दीचा नकाशा घ्या, भूमी अभिलेख कार्यालयाकडून तुमचा गटनकाशा घ्या, आणि हद्दीच्या सर्वात जवळच्या बिंदूपासून गटापर्यंतचं हवाई अंतर सांगणारं लेखी पत्र मागा. भूमी अभिलेखवाले हवाई अंतराचं पत्र द्यायला कधी कधी का-कू करतात, तेव्हा नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे अर्ज करता येतो, त्यांचं कामच उपग्रह नकाशांचं आहे आणि माझा अनुभव आहे की अपिलात त्यांच्या मोजणीला वजन मिळतं. अर्जात "हवाई अंतर", "महापालिका हद्दीपासून" आणि "गट नंबर अमुकपर्यंत" हे तिन्ही शब्द स्पष्ट लिहा, नाहीतर परत रस्त्याचं पत्र हातात पडेल. फोनवर स्वतः आधी मोजून बघा, दहा मिनिटांचं काम आहे, अंदाज तरी येईल.

अजून एक जे लोक विसरतात. फक्त नाशिक महापालिका बघून चालत नाही. आसपास दुसरी कुठली नगरपरिषद, नगरपंचायत किंवा देवळालीसारखं कॅन्टोन्मेंट असेल तर तिच्यापासूनचंही अंतर तपासायचं. तुमच्या बाजूला दिंडोरीची नगरपंचायत आणि ओझर येतं, तिथं २ किलोमीटरचा नियम लागतो का ते बघा. नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात गाव आहे म्हणून घाबरायचं कारण नाही, माझ्या मते प्राधिकरण म्हणजे नगरपालिका नव्हे, व्याख्येत मोजमाप नगरपालिका आणि कॅन्टोन्मेंटपासूनच आहे.

समजा अंतर ८ च्या वर निघालं. मग संपलं का? नाही, कारण जमीन लांब असणं पुरेसं नाही, ती विक्रीच्या दिवशी खरोखर शेतजमीन असली पाहिजे. इथं सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा सरिफाबीबी निकाल विभागाकडून हमखास पुढे केला जातो. त्या केसमध्ये सुरतेतली जमीन होती, महसूल दप्तरी शेतीच, पण चार वर्षं पेरलेली नव्हती, बिगरशेती वापरासाठी विकायची परवानगी आधीच घेतली होती आणि गृहनिर्माण सोसायटीला चौरस वाराच्या दरानं विकली. कोर्टानं म्हटलं की महसुली नोंद हा एक पुरावा आहे, पण सगळं चित्र एकत्र बघायचं. याच्या उलट मुंबई हायकोर्टाचा २०१० चा गोव्यातल्या जमिनीबद्दलचा निकाल आहे, की महसुली नोंद शेतीची आहे आणि मालकानं विकेपर्यंत कधी बिगरशेती वापराचा प्रयत्न केला नाही, तर शेती उत्पन्न दाखवलं नाही एवढ्यावरून ती शेतजमीन नाही असं म्हणता येणार नाही. आपल्यासाठी हा निकाल फार मोलाचा आहे, कारण आपण त्याच हायकोर्टाच्या अधिकारक्षेत्रात येतो.

घेणारा प्लॉटिंग करणारा आहे ही गोष्ट तुम्हाला खटकतेय असं दिसतं. त्यानं नंतर काय केलं याचा भार विकणाऱ्यावर टाकू नये असंच मी प्रत्येक उत्तरात लिहितो, आणि ते बरोबर आहे, पण तीन गोष्टी आधी खात्री करा. अण्णांनी विक्रीच्या आधी स्वतः एनएसाठी (बिगरशेती परवानगीसाठी) अर्ज केला नव्हता ना, खतात दर एकराचा किंवा गुंठ्याचा आहे की चौरस मीटरचा, आणि साठेखतात कुठे "ले-आउट", "विकसन" असले शब्द नाहीत ना. घेणारा शेतकरी असल्याचा पुरावा मात्र तुमच्या बाजूचा, आपल्याकडे कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेताच येत नाही, आणि तुमचं खत अशा परवानगीशिवाय झालं म्हणजे दोन्ही बाजूंनी शेतजमीन समजूनच व्यवहार केला.

शेती होत होती याचे कागद घरातच असतात, फक्त कुणी गोळा करत नाही. सातबाऱ्यावरच्या गाव नमुना बारामधल्या पीकपेऱ्याच्या नोंदी किमान विक्रीआधीच्या तीन-चार वर्षांच्या, बाजार समितीच्या हिशोबपट्ट्या, मग त्या पिंपळगावच्या असोत, दिंडोरीच्या असोत की नाशिकच्या, द्राक्ष व्यापाऱ्याच्या पावत्या, विकास सोसायटीचं पीककर्ज, शेतीपंपाचं बिल, ठिबकचं अनुदान, पीकविमा. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ ला सुरू झाली, तुमची विक्री ऑक्टोबरची, त्या खरिपात कुणी नोंद केली असेल तर ती सोन्यासारखी आहे कारण ती विक्रीच्या अगदी तोंडावरची आहे. पट्ट्या नसतील तर निदान कर्जखातं काढा, त्यात पीक लिहिलेलं असतं.

आता नोटीस. १४८ए ची नोटीस म्हणजे कर लागला असं नाही, विभाग विचारतोय की आमच्याकडे अशी माहिती आहे, केस उघडू नये असं काही कारण आहे का. माहिती आली कुठून? दुय्यम निबंधक कार्यालय ३० लाख आणि वरच्या व्यवहारांची माहिती दरवर्षी कळवतं, आणि शिवाय टीडीएस. टीडीएसबद्दल बोलायचं तर १९४-आयए ग्रामीण शेतजमिनीला लागतच नाही, पण घेणारे स्वतःच्या सुरक्षिततेसाठी कापून टाकतात आणि मग सिस्टिमला वाटतं की विकणाऱ्यानं शहरी मालमत्ता विकली. कापला म्हणून जमीन शहरी ठरत नाही, हे उत्तरात लिहा.

खरी मेख पुढे आहे. सगळे ९६ लाख अण्णांच्या पॅनवर दिसतायत, पण जमीन दोघांची. खरेदीखत, फेरफार, ८अ चा खातेउतारा आणि दोघांच्या बँक खात्यात आलेले पैसे दाखवून सिद्ध करा की अण्णांचा वाटा ४८ लाख. आत्यांनी हक्कसोड दिली असेल तर तीही जोडा. याचा उपयोग फक्त कर निम्मा होण्यापुरता नाही. १ सप्टेंबर २०२४ पासून नियम असा आहे की १४८ए ची नोटीस निर्धारण वर्ष संपल्यापासून ३ वर्षांत काढायची, आणि सुटलेलं उत्पन्न ५० लाख किंवा जास्त असेल तरच ५ वर्षांपर्यंत. तुमचं वर्ष ३१ मार्च २०२३ ला संपलं, ३ वर्षं ३१ मार्च २०२६ ला संपली. तुम्ही नोटिशीची तारीख लिहिली नाहीत. ती ३१ मार्च २०२६ नंतरची असेल तर अण्णांचा वाटाच मुळात ४८ लाख, त्यातला नफा त्याहून कमी, मग ५० लाखांची अट कशी पुरी होते हा आक्षेप पहिल्याच उत्तरात घ्या. नंतर आठवला तर त्याची धार जाते. तारीख आधीची असेल तर हा मुद्दा सोडून द्या, उगाच लिहून बाकीच्या उत्तराचं वजन कमी करू नका. आणि मुदतीच्या मुद्द्यावर सगळी मदार ठेवू नका, तो चालला तर उत्तम, पण कागद तयार पाहिजेत. हीच नोटीस काकांनाही येऊ शकते, त्यांची फाईल याच्यासोबतच तयार करा.

वडिलोपार्जित जमीन म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाची की अण्णांची स्वतःची, हाही प्रश्न विचारला जाऊ शकतो. आजोबा गेल्यावर वारसाहक्कानं नाव लागलं असेल तर साधारणपणे ती ज्याच्या त्याच्या वाट्याची धरली जाते, आपण तसंच लिहू, फेरफार बघितल्याशिवाय याच्या पुढे मी बोलत नाही.

समजा अंतर ८ च्या आत निघालं. रडायचं कारण नाही, पण हिशोब करावा लागेल. विक्रीची रक्कम ४८ लाख, किंवा मुद्रांकाचं मूल्यांकन खताच्या रकमेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल तर मूल्यांकनाची रक्कम, हा ५०सी चा नियम. त्यातून खर्च वजा. वडिलोपार्जित असल्यामुळे १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत घ्यायची, ती त्या तारखेच्या रेडी रेकनरपेक्षा (मुद्रांकाच्या सरकारी दरापेक्षा) जास्त धरता येत नाही, आणि तिला महागाई निर्देशांक लावायचा, २०२१-२२ साठी ३१७. उदाहरण म्हणून, अण्णांच्या वाट्याची २००१ ची किंमत ४ लाख निघाली तर ती १२ लाख ६८ हजार होते, नफा ३५ लाख ३२ हजार, त्यावर २० टक्के म्हणजे ७ लाखांच्या थोडं वर, शिवाय ४ टक्के सेस आणि व्याज. २००१ चं मूल्यांकन चांगल्या नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून करा, या आकड्यावर लाखांचा फरक पडतो आणि लोक तिथंच चार पैसे वाचवायला बघतात.

आणि मग कलम ५४बी. विक्रीआधी २ वर्षं जमीन अण्णांनी किंवा त्यांच्या आईवडिलांनी शेतीसाठी वापरली असेल, आणि विक्रीनंतर २ वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली असेल, तर तेवढी सूट. तुम्ही मे २०२२ मध्ये घेतलीत, म्हणजे २ वर्षांत तर आहेच, शिवाय रिटर्नच्या ३१ जुलै २०२२ च्या मुदतीच्याही आधी, त्यामुळे कॅपिटल गेन अकाउंटमध्ये (नवी खरेदी होईपर्यंत पैसे ठेवायच्या बँकेतल्या खास खात्यात) पैसे का ठेवले नाहीत हा प्रश्न उद्भवत नाही. पण भावाच्या नावावर घेतलीत. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण घराघरात हेच होतं, म्हातारपणी परत फेरफार नको म्हणून थेट पोराच्या नावावर खरेदी. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २००८ मध्ये ५४एफ च्या (विक्रीच्या पैशातून घर घेतल्याच्या सुटीच्या) केसमध्ये नवी मालमत्ता करदात्याच्या स्वतःच्या नावावरच पाहिजे अशी भूमिका घेतलीय. काही दुसऱ्या हायकोर्टांनी बायकोच्या नावाला सवलत दिलीय, पण आपल्यावर बंधन आपल्या कोर्टाचं. तरी मी मागणी सोडणार नाही, पैसा अण्णांच्या खात्यातून थेट गेला, जमीन अण्णाच कसतात, हे दाखवू, पण तुम्ही यावर घर बांधू नका. म्हणूनच अंतराचा मुद्दा इतका महत्त्वाचा आहे, तिथं जिंकलो तर ५४बी ची वेळच येत नाही.

रोख ९ लाखांबद्दल तुम्ही सहज एका ओळीत लिहून पुढे गेलात, मी जाणार नाही. जमीन ग्रामीण ठरली आणि कर शून्य झाला तरी हा धोका उरतोच. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेणं कलम २६९एसएस खाली मना आहे आणि दंड म्हणजे जेवढी रोख घेतली तेवढीच रक्कम, कलम २७१डी. रोख घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही फक्त शेती उत्पन्न असेल, कुणालाच करपात्र उत्पन्न नसेल तर सूट आहे, आणि गावाकडच्या व्यवहारांत ती खूप उपयोगी पडते, पण तुमची जमीन घेणारा, म्हणजे रोख देणारा, प्लॉटिंगचा धंदा करतो म्हणजे ती सूट अवघड. उरतं काय तर वाजवी कारण, कलम २७३बी. रोख कधी दिली ते बघा. खरेदीच्या दिवशी दुय्यम निबंधकासमोर एकरकमी दिलेल्या रोखीवरचा दंड काही ट्रिब्युनलांनी काढून टाकलाय. आधी विसार म्हणून हप्त्याहप्त्यानं घेतली असेल तर बाजू कमकुवत. दोघांत निम्मी वाटली असेल तर अण्णांच्या माथी साडेचार लाखच येतात, त्याचाही पुरावा ठेवा. आणि ती रोख अण्णांनी नंतर बँकेत भरली असेल तर भरणा कोणत्या तारखेला, किती, हे खताशी जुळलं पाहिजे.

कारण उत्तर न देण्याचा परिणाम इथंच दिसतो. उत्तर नाही आलं तर प्रत्यक्ष केस उघडणारी कलम १४८ ची नोटीस निघते, तिलाही उत्तर नाही तर कलम १४४ खाली अधिकारी हातात आहे त्यावर आदेश काढतो. त्याच्या हातात काय आहे? ९६ लाखांचं खत, अण्णांचं पॅन, आणि बँकेतली रोख. खर्चाचा पुरावा कुणी दिला नाही म्हणून खर्च शून्य, काकांचं नाव कुणी सांगितलं नाही म्हणून पूर्ण ९६ लाख अण्णांचे, आणि रोख भरणा अस्पष्टीकृत म्हणून ६९ए, त्यावर ११५बीबीई चा दर, सरचार्ज आणि सेस धरून त्या वर्षासाठी ७८ टक्के. जो माणूस कदाचित एक रुपयाही देणं लागत नव्हता त्याच्या नावावर पंचवीस लाखांहून जास्त आणि वरच्या व्याजाची मागणी उभी राहते. मग अपील ३० दिवसांत, आणि वसुली थांबवायची तर साधारण २० टक्के भरा म्हणतात. हे मी माझ्या टेबलावर बघितलंय, आणि समोर बसलेला शेतकरी हातात सातबारा धरून मला विचारत असतो की साहेब, यात चुकलं काय माझं.

तर या आठवड्यात एवढं करा. पोर्टलवर अण्णांचं पॅन रजिस्टर करा, आधारला मोबाईल जोडलेला आहे ना बघा, ई-प्रोसिडिंग्समध्ये जाऊन नोटिशीसोबतची सगळी जोडपत्रं उतरवा. उत्तराची तारीख जवळ असेल तर पत्र देऊन मुदतवाढ मागा, कारण लिहा की हवाई अंतराच्या मोजणीसाठी अर्ज केलाय, आणि अर्जाची पोच जोडा, नुसती मुदतवाढ मागू नका. वेळ वाढवून मिळालीच नाही तर जे आहे त्यावर उत्तर द्या: दोघांचा वाटा, शेतीचे पुरावे, टीडीएसचा खुलासा, तारखेनुसार लागू असेल तर मुदतीचा आक्षेप, आणि अंतराचा दाखला मागून सादर करण्याचा हक्क राखून. तलाठ्याचा ९ किलोमीटरचा दाखला सध्या जोडू नका. तो एकदा रेकॉर्डवर गेला आणि मोजणी वेगळी आली की तुमच्या बाकीच्या खऱ्या कागदांवरही शंका घेतली जाते.

मोजणीचं पत्र हातात आलं की आकडा इथंच लिहा, नोटिशीच्या तारखेसह. ७.९ आला की ८.१, त्यावरून पुढचं उत्तर कसं मांडायचं ते सांगतो.